दिवाळी प्रांताप्रांतांची: वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतच्या चाली, साहित्य आणि कृती

दिवाळीच्या तयारीला पंचांग उघडून सुरुवात करावी. या सणातला प्रत्येक दिवस दिवसाच्या वेगळ्या वेळेला असलेल्या तिथीवर ठरतो. वसुबारसेला संध्याकाळची द्वादशी धरतात, अभ्यंगस्नानाला चंद्रोदयाची चतुर्दशी, लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळची अमावास्या आणि भाऊबीजेला दुपारनंतरची द्वितीया. म्हणून हे दिवस सलग येतीलच असं नाही. २०२५ साली धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला आली आणि नरकचतुर्दशी २० तारखेला, मधला एक दिवस मोकळा गेला. त्याच वर्षी उत्तरेत २० तारखेला लक्ष्मीपूजन झालं, महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी २१ला. कधी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच तारखेला येतात, मग पहाटे स्नान आणि संध्याकाळी पूजा अशी दोन्ही तयारी आदल्या रात्रीच करावी लागते. मोबाइलवर फिरणाऱ्या तारखांवर विसंबू नये. घरात जे पंचांग चालतं तेच पाहावं आणि वेळाही आपल्या गावाच्या घ्याव्यात, कारण मुंबई आणि गोंदियाच्या सूर्योदयात अर्ध्या तासाच्या आसपास फरक पडतो.

दुसरं पाहायचं ते पीक. प्रांतोप्रांतीच्या चाली वेगळ्या का, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या महिन्यात शेतात काय तयार असतं यातच सापडतं. कोकणात हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात नुकतंच कापून झालेलं असतं, म्हणून तिथली दिवाळी पोह्यांची. देशावर बाजरी निघालेली असते, म्हणून वसुबारसेला भाकरी. पूर्व विदर्भात गुराख्यांच्या मेहनतीचा मान म्हणून पाडव्याला गायी सजतात. हे लक्षात ठेवलं की आपला मुलूख सोडून राहणाऱ्यांना कशाच्या जागी काय चालेल हेही ठरवता येतं.

वसुबारस आणि धनत्रयोदशी

आश्विन वद्य द्वादशीला संध्याकाळी गाय-वासराची पूजा होते. बऱ्याच घरांत या दिवशी बायका उपास करतात आणि गाईचं दूध, तूप, ताक, तसंच गहू आणि मूग वर्ज्य करतात. उपास सोडताना बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी असते. दूध वासराचं, ते त्या दिवशी त्यालाच, हा त्यातला भाव.

गोठ्यात पूजा करायची असेल तर गाईच्या समोरून किंवा बाजूने जावं. मागून गेलं की ती बिचकते, आणि वासरू जवळ असेल तर शिंगही उगारते. आधी पायांवर पाणी, मग हळद-कुंकू, फूल आणि लांबूनच ओवाळणं, एवढं पुरतं. निरांजन तोंडाजवळ नेऊ नये. एक गोष्ट मात्र आवर्जून टाळावी, ती म्हणजे घरोघरचे पुरणपोळीचे, शिऱ्याचे घास. शिजलेलं धान्य आणि गोड पदार्थ एकदम जास्त पोटात गेले की गुरांच्या पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं आणि जनावर दगावूही शकतं. शहरातल्या एकाच गोशाळेत शंभर घरं नैवेद्य घेऊन जातात, तेव्हा हे सहज घडू शकतं. त्यापेक्षा हिरव्या चाऱ्याची पेंढी द्यावी. गाय मिळत नसेल तर पितळेची किंवा मातीची गाय-वासराची जोडी पाटावर ठेवतात, नाहीतर रांगोळीत काढतात.

धनत्रयोदशीला धन्वंतरीपुढे धने-गूळ ठेवायचे आणि संध्याकाळी यमदीप लावायचा. यमदीप कणकेचा. अर्धी वाटी कणीक, चिमूटभर हळद, चमचाभर तेल आणि घट्ट भिजेल इतकंच पाणी. मळून दहा मिनिटं झाकून ठेवावी, मग दोन बोटं उंचीचा, जाड काठाचा दिवा करून दहा मिनिटं वाफवावा. कच्च्या कणकेचा दिवा वाळताना तडकतो आणि तेल गळून वात विझते. वाफवलेला शेवटपर्यंत टिकतो. दिव्याची ज्योत दक्षिणेकडे करून तो घराबाहेर ठेवतात. एरवी दक्षिणेकडे ज्योत करत नाहीत, वर्षातून याच दिवशी करतात.

पहिली आंघोळ

नरकचतुर्दशीचं स्नान सूर्योदयापूर्वी, चंद्र उगवलेला असताना. चतुर्दशीचा चंद्र सूर्योदयाच्या साधारण तास-दीड तास आधी पूर्वेला बारीक कोरीसारखा दिसतो. घरात पाच माणसं असतील तर पहिल्याला चारच्या सुमारास उठवावं लागतं. बंब किंवा गीझर आदल्या रात्रीच पाहून ठेवावा.

माणशी पाऊण वाटी तिळाचं तेल पुरतं. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावी, थेट गॅसवर नको. आधी डोक्याला, मग मानेपासून पायांपर्यंत लावून वीस मिनिटं ते अर्धा तास जाऊ द्यावा. थंडी सुरू झालेली असते, त्वचा कोरडी पडायला लागलेली असते, म्हणून तेल मुरायला हा वेळ हवाच. तेल न लावता नुसतं उटणं चोळलं की अंगाला ओरखडे उठतात आणि दिवसभर खाज सुटते.

उटणं घरी करायचं तर हे प्रमाण चांगलं जमतं: मसूर डाळीचं पीठ चार भाग, वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची पूड एक भाग, नागरमोथा एक भाग, गव्हला कचरा (या सुवासिक वनौषधी) अर्धा, वाळा अर्धा, आंबेहळद अर्धा आणि मिळाल्यास चंदनाची पूड पाव भाग. सगळं वेगवेगळं दळून वस्त्रगाळ करावं. नागरमोथा आणि वाळा चिवट असतात. घरच्या मिक्सरवर ते बारीक होत नाहीत, त्यांचे तंतू राहतात आणि टोचतात, म्हणून हे दोन्ही दळूनच आणलेले बरे. आंबेहळदीऐवजी स्वयंपाकातली हळद घातली तर अंग आणि टॉवेल दोन्ही पिवळे होतात. संत्र्याची साल मोडताना कटकन आवाज आला पाहिजे. जराही ओली राहिली तर उटण्याला बुरशी येते. माणशी दोन मोठे चमचे उटणं दुधात किंवा पाण्यात कालवावं. कोकणात नारळाच्या दुधात कालवतात, ते कोरड्या त्वचेला फार चांगलं. लहान मुलांच्या कोपराच्या आतल्या बाजूला आदल्या दिवशी थोडं लावून पाहावं, लाली आली तर नुसतं दूध आणि मसुराचं पीठ लावावं.

अंघोळ अर्धी झाली की आघाड्याची फांदी डोक्याभोवती तीनदा फिरवतात आणि मग ओवाळतात. मोरीत तेल सांडून फरशी निसरडी होते. वयस्कर माणसांसाठी पाटाखाली जाड गोणपाट टाकावं आणि प्रत्येकाच्या आंघोळीनंतर गरम पाणी आणि साबणचुरा ओतून फरशी घासून घ्यावी.

कोकणात आणि गोव्यात यानंतर कारीट फोडतात. काही भागांत त्याला चिराटं म्हणतात. हे लिंबाएवढं, पट्ट्यापट्ट्यांचं, कमालीचं कडू रानफळ. तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ठेवून ‘गोविंदा गोविंदा’ म्हणत चिरडायचं, रस जिभेला लावायचा आणि बी कपाळाला. कारीट म्हणजे नरकासुर. अंगठ्याखाली फळाची देठाकडची बाजू आली की ते निसटत नाही. रस जिभेच्या टोकाला लावण्यापुरताच घ्यावा, गिळू नये. इतक्या कडू काकडीवर्गीय फळांनी उलट्या-जुलाब होतात. गोव्यात तर रात्रभर नरकासुराचे भलेमोठे पुतळे मिरवून पहाटे जाळतात आणि मगच घरी येऊन आंघोळ करतात.

कोकणातले पोहे

कारीट फोडलं की फराळाच्या आधी पोहे. नव्या भाताचे, शक्यतो गिरणीत ताजे कांडून आणलेले. घरात पाच प्रकार, काही ठिकाणी सात, आणि शेजारपाजारी जाऊन प्रत्येक घरचे थोडे थोडे खायचे. गोडात गूळपोहे, दूधपोहे आणि रसातले पोहे, तिखटात ताकातले, दडपे, फोडणीचे आणि बटाट्याचे. सिंधुदुर्गात सोबत काळ्या वाटाण्याची उसळ असते.

नवे पोहे वर्षभराच्या जुन्या पोह्यांसारखे भिजवता येत नाहीत. त्यात ओल असते, ते पाणी कमी पितात आणि पटकन लगदा होतात. चाळणीत घेऊन वरून पाणी ओतावं, लगेच निथळावं आणि दहा मिनिटं झाकावं. बोटात दाबल्यावर दाणा मोडला पण चिकटला नाही म्हणजे झाले. दुकानचे जाड पोहे असतील तर दोनदा धुवावे लागतात.

रसातल्या पोह्यांना दोन वाट्या लाल किंवा जाड पोहे, एक मोठा नारळ, पाऊण वाटी चिरलेला गूळ, अर्धा चमचा वेलदोडा आणि चिमूटभर मीठ. खोबरं वाटीभर कोमट पाण्यात वाटून पिळावं, तोच चोथा पुन्हा पाऊण वाटी पाण्यात वाटून पिळावा आणि दोन्ही रस एकत्र करावेत. गूळ या रसात गॅसवर न ठेवता, हाताने कुस्करून विरघळवावा. रस तापवला की फाटतो, वर तेल आणि खाली चोथा दिसायला लागतो, आणि मग तो सावरत नाही. मीठ विसरू नये, त्याशिवाय गुळाची गोडी बोथट लागते. भिजलेले पोहे जेवायच्या पाच मिनिटं आधी रसात घालावेत. ऑक्टोबरच्या उकाड्यात नारळाचा रस तीन-चार तासांत आंबतो, म्हणून पहाटे काढलेला रस दुपारसाठी ठेवायचा असेल तर फ्रिजमध्येच ठेवावा.

दडप्या पोह्यांना मात्र पातळ पोहेच लागतात. चार वाट्या पोहे, वाटीभर ओलं खोबरं, पाव ते अर्धी वाटी शहाळ्याचं नव्हे तर नारळाचं पाणी, एका लिंबाचा रस, चमचाभर साखर, मीठ आणि कोथिंबीर. पाणी एका जागी ओतलं तर तिथे गोळा होतो आणि बाकीचे पोहे कोरडे राहतात. ते खोबऱ्यात मिसळून, मूठमूठ पोह्यांवर पसरत हलक्या हाताने कालवावं. मग ताटलीने झाकून वर वजन ठेवून पंधरा मिनिटं दडपावेत. फोडणी दोन मोठे चमचे तेलाची, मोहरी, हिंग, हळद आणि हिरवी मिरची घालून, आणि ती थंड करून घालायची. गरम फोडणीने पातळ पोहे आक्रसतात. नैवेद्य दाखवायचा असेल तर कांदा नंतर.

ताकातल्या पोह्यांना वाटीभर जाड पोह्यांसाठी दीड वाटी ताक, तेही आदल्या दिवशीचं आंबट नको. जिरं, हिंग, मिरची यांची तुपातली फोडणी आणि किसलेलं आलं. ताक घालून ठेवू नयेत, पोहे फुगून घट्ट होतात.

अंगणातला किल्ला

पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात दिवाळीचा खरा उद्योग मुलांचा असतो. त्यासाठी वसुबारसेच्या निदान आठवडाभर आधी सुरुवात हवी, कारण चिखल वाळायला आणि गवत उगवायला तेवढा वेळ लागतोच. दगड-विटांचा उतरता ढीग रचावा, पोकळ जागा वीटतुकड्यांनी भराव्यात. त्यावर जुनी पोती पातळ चिखलात बुडवून अंथरायची. हे पोतं महत्त्वाचं, त्याशिवाय उभ्या उतारावर चिखल थांबत नाही. वरून चाळलेल्या लाल मातीचा बोटभर थर. नुसती काळी माती घेतली की ती वाळताना आकसून भेगाळते, त्यात तिसरा हिस्सा वाळू किंवा बारीक भुसा मिसळावा. तटबंदी, बुरूज आणि पायऱ्या माती ओली असतानाच कोराव्यात.

गवतासाठी मोहरीपेक्षा अळीव कधीही चांगलं. तास-दोन तास भिजवलं की त्यावर बुळबुळीत थर येतो आणि दाणा उतारालाही चिकटून राहतो, मोहरी मात्र घरंगळून पायथ्याशी गोळा होते. पेरल्यावर ओलं फडकं दोन दिवस झाकावं, पुढे दिवसातून तीन वेळा फवारणीच्या बाटलीने पाणी मारावं. तांब्याने ओतलेलं पाणी एका दुपारीत बुरूज पाडतं. चार-पाच दिवसांत हिरवळ येते. शिवाजी महाराज सिंहासनावर, मावळे तटावर आणि बाजारकरी पायथ्याच्या गावात. मुलांनी एखादा खरा किल्ला निवडून त्याचा नकाशा पाहून दरवाजे, माची आणि बालेकिल्ला जागच्या जागी केले तर आठवडाभरात तो किल्ला त्यांना पाठ होतो, आणि या चालीचं मोल त्यातच आहे.

लक्ष्मीपूजन

सूर्यास्तानंतरच्या सुमारे दोन तास चोवीस मिनिटांच्या प्रदोषकाळात पूजा करतात. चौरंगावर तांदळाच्या राशीवर कलश, शेजारी नाणी, दागिने, व्यापाऱ्यांकडे नव्या वह्या. नैवेद्य साळीच्या लाह्या, बत्तासे, धने आणि गूळ. बऱ्याच गावांत मातीची छोटी बोळकी लाह्या-बत्तासे भरून मांडतात. लाह्या आणि बत्तासे दोन्ही हवेतली ओल पटकन ओढून घेतात, म्हणून पूजेपर्यंत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

शिंदीच्या पानांची नवी केरसुणी या दिवशी लक्ष्मी म्हणून पुजतात. तिला हळद-कुंकू लावतात आणि त्यानंतरच ती वापरात येते. प्लास्टिकच्या झाडूने ही जागा भरून निघत नाही, कारण बाजारात बसलेल्या केरसुणी विणणाऱ्यांची वर्षातली मोठी विक्री याच आठवड्यात होते. खेड्यांत रात्री उशिरा किंवा पाडव्याच्या पहाटे घर झाडून, सूप वाजवत केर बाहेर नेतात, ते अलक्ष्मी घालवणं.

पणत्यांचं एक तंत्र सगळीकडे सारखंच लागू पडतं. कोऱ्या पणत्या दोन-तीन तास पाण्यात बुडवून, पुसून, वरवर वाळू द्याव्यात. नाहीतर भाजलेल्या मातीची छिद्रं तेल पिऊन टाकतात, पणती खालून पाझरते आणि फरशीवर गोल डाग राहतात. वात आधी पूर्ण तेलात भिजवावी, मगच टोक बाहेर काढावं.

नांदेडची दिवाळी

शीख परंपरेत दिवाळीचा दिवस म्हणजे बंदीछोड दिवस. सहावे गुरू हरगोविंद यांची जहांगीराच्या कैदेतून ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून सुटका झाली, त्यांनी आपल्यासोबत बावन्न राजांनाही सोडवलं आणि ते अमृतसरला पोचले तेव्हा दिवे लागले, अशी ती परंपरा. महाराष्ट्रात हा सण पाहायचा तर नांदेडला, गोदाकाठच्या तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब या गुरुद्वाऱ्यात. तख्त म्हणजे शिखांचं धर्मपीठ. गुरू गोविंदसिंग १७०८ साली इथेच निवर्तले आणि आजची इमारत महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत बांधली गेली.

दिवाळीच्या सुमारास इथे तख्तस्नान होतं. संगत, म्हणजे जमलेले भाविक, घागरी घेऊन गोदावरीवर जाते, ते पाणी आणून तख्त धुतात, शस्त्रांचीही स्वच्छता होते. दीपमाला महल्ला ही मिरवणूकही याच दिवसांतली. संध्याकाळी इथे दिव्यांनी आरती होते. पंजाबातल्या गुरुद्वारांत सहसा असं दिसत नाही, मराठी माणसाला मात्र ती आरती लगेच ओळखीची वाटते. तख्तस्नानाची तारीख आणि वेळ गुरुद्वाऱ्यात विचारूनच निघावं. आतल्या अंगीठा साहिबमध्ये, म्हणजे गुरू गोविंदसिंगांच्या अंत्यसंस्काराच्या जागी, सर्वांना प्रवेश नसतो, दर्शन बाहेरूनच घ्यायचं.

जाताना रुमाल किंवा ओढणीने डोकं पूर्ण झाकावं. चपला जोडाघरात ठेवाव्यात, हातपाय धुवावेत. तंबाखू, सिगारेट, गुटखा खिशातसुद्धा नको, यावर तिथे कुणी सवलत देत नाही. प्रसाद बसून, दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यावा. लंगरमध्ये पोळीही दोन्ही हातांनी घेतात आणि पानात काही टाकत नाहीत, म्हणून थोडंथोडंच मागावं.

कडाह प्रसादाचं प्रमाण सरळ आहे: जाडसर कणीक, तूप आणि साखर समभाग, पाणी तिप्पट. म्हणजे वाटी-वाटी-वाटी आणि तीन वाट्या पाणी. एकीकडे साखर-पाणी उकळत ठेवावं, दुसरीकडे तुपात कणीक मंद आचेवर बदामाच्या सालीचा रंग येईपर्यंत, न थांबता परतावी. वाटीभर कणकेला पंधरा मिनिटं तरी लागतात. घाई केली की प्रसाद टाळूला चिकटतो आणि कच्च्या पिठाचा वास राहतो. मग आच अगदी कमी करून उकळतं पाणी लांब दांड्याच्या पळीने ओतावं, ते जोरात उडतं. थंड पाणी घातलं तर गुठळ्या होतात. कडेने तूप सुटलं की उतरवावं. वेलदोडे, काजू, बेदाणे यात घालत नाहीत. घरी केलेला हा शिराच. गुरू ग्रंथ साहिबांपुढे अरदास (प्रार्थना) होऊन कृपाणाचा स्पर्श झाला की तो प्रसाद होतो.

पाडवा, भाऊबीज आणि पुढचे दिवस

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बायको नवऱ्याला ओवाळते आणि शेतकरी घरात बळीची पूजा होऊन ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ असं म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांत अंगणात शेणाचे पांडव, गौळणी आणि गोठा मांडतात. शेण ताजं आणि घट्ट घ्यावं, आकार वीतभराहून उंच करू नये, झेंडू आणि आघाडा लगेच खोचावा. शेण वाळलं की खोचलेलं फूल आकृतीच फोडतं. कोल्हापुरात या दिवसांत म्हशी रंगवून, मोरपिसं आणि घुंगरमाळा घालून मिरवतात. शिंगांना ऑइलपेंट लावू नये, गेरू किंवा हळद-कुंकवाचा रंग पुरतो आणि कातडीला इजा होत नाही. नागपूर, भंडारा, गडचिरोली भागात गोवारी समाजाचं गायगोधन आणि ढालपूजन असतं. सजवलेल्या गायी गोठणावर, म्हणजे गुरं जमायच्या मोकळ्या जागी, येतात आणि गुराख्याला घरोघरी धान्य, कपडा दिला जातो. गायी वाजंत्र्याच्या आवाजाने उधळतात, तेव्हा पाहणाऱ्यांनी वाट सोडून उंचवट्यावर उभं राहावं.

भाऊबीजेला पाटाभोवती रांगोळी, भावाला कुंकू-अक्षता, मग सुपारी आणि सोन्याची अंगठी ओवाळून शेवटी निरांजन. भाऊ नसेल किंवा लांब असेल तर चंद्राला ओवाळतात. द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला थोडाच वेळ दिसते, त्यामुळे ताट आधीच तयार ठेवावं.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यात, मात्र सण इथे संपत नाही. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागते. दिवसा बाजार आणि दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक, आणि त्यासाठी लेकी-जावई, पाहुणे मुद्दाम बोलावलेले. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी असते आणि ती छापील पंचांगात सापडत नाही. पाहुणे म्हणून जायचं असेल तर त्या गावात आठ दिवस आधी विचारून ठेवावं आणि मुक्कामाच्या तयारीने जावं, कारण नाटक पहाटेपर्यंत चालतं.